आधी वाळू, मग दिवे

देवळात शिरताना दगडी कासवाला फूल वाहायचे आणि नदीतल्या जिवंत कासवाला गळ टाकायचा, हा आमचा धर्म! त्याला राहायला नदी उरली आहे का, हे कोणी विचारीत नाही.

कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यांत मऊ कवचाचे एक कासव आहे. पाठीवर खवले नाहीत, नुसती कातडी. १८७२ साली जॉन एडवर्ड ग्रे यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली आणि मुंबईच्या डॉ. लीथ यांचे नाव त्याला दिले. भारतीय द्वीपकल्पाबाहेर ते जगात कोठेही आढळत नाही. मांसासाठी ते इतके मारले गेले, की ३० वर्षांत संख्या ९० टक्क्यांनी घटल्याचा अंदाज २०२२ साली सरकारनेच जाहीर केला. त्याच वर्षी पनामाच्या परिषदेत, भारताच्याच मागणीवरून, त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. अभिनंदन!

पण बंदीने घर मिळते काय? नदीचे काय होते ते पाहायचे तर हैदराबादेत मलकपेठेला जावे आणि चादरघाटच्या पुलावरून खाली पाहावे. ही मुशी, कृष्णेची उपनदी. १९०८च्या महापुरानंतर वरच्या अंगाला उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) झाले, शहर वाचले. त्या शहराने नदीला परतफेड केली ती सांडपाण्याने! आता म्हणे नदीकाठाचा विकास व्हायचा आहे. विकास म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे फरशी, कठडा आणि कारंजे येते. कासवाला फरशीत अंडी पुरता येत नाहीत. त्याला मोकळा वाळूचा काठ हवा, लपायला गाळ हवा, उन्हाळ्यात डोह हवा.

"माणसांना जागा नाही आणि तुम्हांला कासवाचे पडले आहे!" असे कोणी म्हणेल. त्याने मुशीच्या काठाने शहराबाहेर चार कोस जावे. त्याच पाण्यावर भात, भाजी आणि गुरांचे गवत पिकते. पाण्यातले विष कासवापाशी थांबत नाही. ते आपल्या ताटात येते.

आणि आपण गोदाकाठच्यांनी मलकपेठेला हसू नये. आपल्या घाटांशेजारी गटारे मिसळतात, आणि वाळू रात्री ट्रकांत भरून जाते. कासवाचे अंगणच आपण विकले.

म्हणून नदीच्या प्रत्येक योजनेला पहिला प्रश्न हाच विचारा : वाळू कोठे राहणार? सांडपाणी आधी अडवा, काठ मोकळा सोडा. मग हवे तितके दिवे लावा.