खाऱ्या हवेतलं तांबं

चेन्नईत तांब्याची जुनी नाणी जमवायची तर खरी भीती हवेची. उपसागरावरून येणाऱ्या खाऱ्या, दमट वाऱ्याबरोबर क्लोराइड नाण्याच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतं; मग तंजावरच्या भोसल्यांच्या एवढ्याशा कासू नाण्यावर एखाद्या पावसाळ्यात पोपटी ठिपके उठतात. टोकरले तर पूड झडते आणि खाली खड्डा दिसतो. घट्ट, गुळगुळीत, काळपट-हिरवा थर मात्र नाण्याचं कवच असतं, त्याला हात लावू नये. आपल्याकडे तांबं दिसलं की चिंच-मीठ घेऊन घासायला बसतात. ताम्हनाला ते ठीक; नाण्याचं कवच जातं, झिजत आलेली अक्षरं जातात आणि मिठातलं क्लोराइड उलट आत मुरतं. फार वाईट वाटतं अशी चकचकीत नाणी पाहून! पीव्हीसीचे स्वस्त पाऊचही टाळा, कालांतराने त्यांतून आम्ल सुटतं. एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात १९३० पासून रासायनिक जतनाची प्रयोगशाळा आहे. तिथल्यासारखे उपचार घरी करू नयेत. घरी हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, नाणं कायम कडेने धरायचं, आणि पोपटी डाग दिसला की ते त्याच दिवशी वेगळं काढून जाणकाराला दाखवायचं.