सोल्युशन 'ऑन' की सोल्युशन 'टू'?



पालकसभेहून परतलेल्या एका ताई आम्हाला म्हणाल्या, "पुढच्या वेळी ह्यांनाच पाठवीन." झाले होते एवढेच, की त्यांनी बाईंना 'सोल्युशन ऑन धिस प्रॉब्लेम' विचारले आणि शेजारी बसलेली त्यांचीच लेक हसली. "ऑन नाही गं आई, टू!"

लेकीचे म्हणणे बरोबर होते, हसणे मात्र चुकीचे. का, ते सांगतो.

मराठीत उपाय, तोडगा, औषध या शब्दांच्या आधी 'वर' येतो: प्रश्नावर तोडगा, खोकल्यावर औषध. हा 'वर' इंग्रजीत नेला की 'ऑन' होतो, आणि पुष्कळदा तो चालतोही. आरोग्यावर परिणाम म्हणजे 'इफेक्ट ऑन हेल्थ'. म्हणूनच आपण फसतो. ही चूक अडाणीपणाची नव्हे. मराठी पक्की असणाऱ्याचीच ती चूक आहे.

आम्ही पडलो रसायनशास्त्रवाले. हा शब्द आमच्या रोजच्या वापरातला. मिठाचे पाण्यातले द्रावण म्हणजे 'सोल्युशन ऑफ सॉल्ट इन वॉटर'. समीकरणाच्या उकलीला 'ऑफ' आणि 'टू' दोन्ही चालतात. अडचणीवरच्या उपायाला 'टू', कधी 'फॉर'. 'ऑन' यात कुठेच बसत नाही. हे माहीत असूनही आमच्या प्रबंधाच्या मसुद्यात तो शिरलाच होता, आणि मार्गदर्शकांनी त्याभोवती लाल वर्तुळ काढले होते!

गंमत अशी, की हा इंग्रजी शब्द ज्या लॅटिन धातूवरून आला, त्याचा अर्थ सोडवणे, मोकळे करणे. इथल्या अरबीतही उपायाला 'हल्ल' आणि द्रावणाला 'महलूल' म्हणतात. दोन्ही एकाच धातूचे, आणि त्याचाही अर्थ गाठ सोडणे. आपणही गाठ सोडवतो, तसे गणितही सोडवतो. चित्र तिन्ही भाषांत एकच, पण जोडीला येणारा शब्द ज्याचा त्याचा. तिथे तर्क चालत नाही, पाठांतरच लागते. खुर्ची 'ती' आणि टेबल 'ते' का, हे आपण तरी कुठे सांगू शकतो?

म्हणून आमची सूचना: इंग्रजी नाम एकटे पाठ करू नये, जोडीनेच वहीत उतरवावे. रीझन फॉर, आन्सर टू, इंटरेस्ट इन, डिमांड फॉर. रोज एक जोडी पुरे.

आणि बालमित्रांनो, आईची चूक जरूर सुधारा, पण घरी, चारचौघांत नको. मंडळाच्या मराठी वर्गात तुम्ही 'माझी पुस्तक' म्हणता, तेव्हा आम्ही हसतो का? तुमच्याशी बोलता यावे म्हणून आई परक्या भाषेत धडपडते आहे. ती सभेत गप्प बसू लागली, तर नुकसान तुमचेच.

ताई, पुढच्या सभेला तुम्हीच जा.