हिरवा कोपरा : पानांसाठी लावायचं ऑर्किड

ऑर्किड म्हटलं की फुलंच डोळ्यांपुढे येतात. लग्नाच्या स्टेजवरची जांभळी डेंड्रोबियमं, नाहीतर कोकणात पावसाच्या तोंडावर झाडांच्या खोडावर लोंबणारी सीतेची वेणी. बहर ओसरला की उरतात ती साधी, चिवट हिरवी पानं. वर्षातले दहा महिने त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. आज ज्या ऑर्किडची ओळख करून घ्यायची आहे त्याची गोष्ट अगदी उलटी. ते लावायचं पानांसाठी. फुलं आली तर बोनस समजायचा.

त्याचं नाव लुडिसिया डिस्कलर. रोपवाटिकेत ‘ज्वेल ऑर्किड’ म्हणून मागा. जुन्या बागकामाच्या पुस्तकात हेच झाड ‘हिमेरिया’ या नावानं सापडेल. पानं दोन-अडीच इंचांची, गडद जांभळट-तपकिरी, मखमलीसारखी दिसणारी, आणि त्यांवर देठापासून टोकापर्यंत तांबूस रेघा. गर्द खणावर तांब्याची जर विणावी तशा! पान उलटून पाहा, मागची बाजू लालसर. या मखमलीचं गुपितही गमतीचं आहे. पानाच्या वरच्या थरातल्या पेशी सपाट नसून फुगीर असतात, म्हणून त्यांवर पडलेला उजेड असा खेळतो.

झाड मूळचं म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम, दक्षिण चीन, मलेशिया या भागांतलं. तिथल्या दाट जंगलात, मोठ्या झाडांच्या सावलीत, कुजलेल्या पाचोळ्यात ते जमिनीवरच सरपटत वाढतं. एवढं एक लक्षात ठेवलंत की निगेचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

पहिला प्रश्न उन्हाचा. “आमच्या ब्लॉकमध्ये ऊनच येत नाही, मग झाडं कसली लावायची?” अशी तक्रार पुष्कळ जणी करतात. तर मैत्रिणींनो, हे झाड तुमच्यासाठीच आहे! उत्तरेची खिडकी, जाळीचा पडदा लावलेली पूर्वेची खिडकी, जिन्याजवळचा उजेडाचा कोपरा, कुठेही चालेल. दुपारचं ऊन मात्र थेट लागू देऊ नका; पानांचा रंग विटतो आणि ती करपतात. अगदी अंधारातही नको, नाहीतर दांडे लांबट होऊन झाड विरळ दिसतं. दिवा न लावता जिथे वर्तमानपत्र सहज वाचता येतं, ती जागा योग्य.

डेंड्रोबियमसारखं याला कोळशाच्या तुकड्यांत किंवा लाकडाला बांधून ठेवू नका. याला पाचोळा हवा. कुंडी उथळ आणि पसरट घ्या, तळाला भोक हवंच. दोन भाग चांगलं कुजलेलं पानांचं खत, एक भाग काथ्याचा भुसा आणि एक भाग विटेचे बारीक तुकडे व कोळसा असं मिश्रण छान जमतं. नारळाच्या सोडणाचा भुसा घरीच करणार असाल तर तो दोन-तीनदा पाणी बदलून भिजवा. त्यातला खार आणि तपकिरी रंग निघून गेला पाहिजे. बागेतली चिकट काळी माती अजिबात नको.

आता पाणी. इथेच बहुतेक झाडं दगावतात. सकाळी तुळशीला पाणी घालताना हातासरशी सगळ्याच कुंड्यांवर तांब्या फिरवायची आपली सवय असते ना? या झाडाला ती मानवत नाही. याचे दांडे मांसल, आत पाणी साठवणारे. सतत ओल राहिली की ते जमिनीलगत मऊ पडतात, काळे होतात आणि वरची पानं ठाकठीक दिसत असतानाच झाड आडवं होतं. म्हणून बोटाचं पहिलं पेर मिश्रणात खुपसून पाहा. कोरडं लागलं तरच पाणी द्या, आणि देताना तळातून निथळेल इतकं द्या. बशीत साचलेलं लगेच ओतून टाका. पानांच्या बेचक्यात पाणी राहू देऊ नका. नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवून वापरा. पावसाचं साठवलेलं मिळालं तर फारच छान.

मुळाशी कमी पाणी, पण हवेत मात्र दमटपणा हवा. कोकण-मुंबईकडे तो फुकटच मिळतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे कठीण जातो. तिथे पसरट ताटात खडे घालून त्यांत पाणी ठेवा आणि कुंडी खड्यांवर ठेवा, पाण्यात नव्हे. कूलरच्या थेट झोताखाली ठेवू नका. न्हाणीघराच्या खिडकीत उजेड येत असेल तर ती जागा उत्तम. मे महिन्यात मुलांना घेऊन आठ-दहा दिवस माहेरी जायचं असेल, तरीही तीच जागा. निघताना एकदा पाणी निथळवून घाला आणि निश्चिंत जा. शेजारणीला पाणी घालायला सांगू नका. ती प्रेमानं रोज घालील! नाशिककडच्या कडक थंडीत रात्री कुंडी घरात घ्या.

खत अगदी बेतानं. जून ते ऑक्टोबर दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत, लीटरभर पाण्यात चिमूटभर. पावसाळ्यात गोगलगायींवर लक्ष ठेवा, त्यांना ही पानं फार आवडतात. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसानं टिपून काढा.

थंडीच्या अखेरीस दांड्याच्या टोकातून तुरा वर येतो. फुलं लहान, पांढरी, मधोमध पिवळा ठिपका, आणि निरखून पाहिलं तर जराशी वाकडी पिळलेली. तीन-चार आठवडे टिकतात. मग तुरा कापून टाका, बुडाशी नवे फुटवे येतील.

दांडे ठिसूळ असतात. पुसताना एखादा मोडायचाच. मुलांवर ओरडू नका! दोन-तीन पेरांचा तुकडा घ्या, कापलेल्या जागी कोळशाची पूड लावा, दिवसभर सुकू द्या आणि ओलसर भुशावर आडवा ठेवा. पावसाळ्यात महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. एका कुंडीतून नणंदेला, जावेला, शेजारणीला अशी तीन-चार रोपं वर्षभरात सहज होतात. हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्या वाटण्यापेक्षा हे वाण कितीतरी सुरेख दिसेल.

विकत घेताना मात्र थोडं चौकस राहा. याचीच चुलत भावंडं, अॅनेक्टोकायलस नावाची, आपल्या ईशान्येकडच्या आणि दक्षिण घाटांतल्या जंगलांत आहेत. चीन-तैवानकडे त्यांचा औषधात वापर होतो आणि त्यासाठी जंगलातून ती बेसुमार उपटली गेली. रानटी ऑर्किडांच्या देशोदेशीच्या व्यापारावर १९७३च्या वॉशिंग्टन करारानं बंधनं आहेत, भारत त्यात १९७६ साली सामील झाला. तेव्हा मुळं उघडी, पानं किड्यांनी खाल्लेली, एकसारखी न वाढलेली रोपं कोणी जुडी बांधून स्वस्तात देऊ लागला तर घेऊ नका. ती जंगलातून आलेली असण्याचा संभव मोठा, आणि घरात ती फारशी जगतही नाहीत. कुंडीत मुळावलेलं, रोपवाटिकेत वाढवलेलं एकच रोप घ्या. नाहीतर मैत्रिणीकडे कुंडी असेल तर जूनमध्ये तिच्याकडे एक तुकडा मागा.