तक्रारपेटीची किल्ली

"जाऊ द्या सर, लेकराच्या जिंदगीचा सवाल आहे." नांदेड-लातूरकडे हे वाक्य कानावर आलं की समजावं, लेकरावरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण मिटायला लागलं. बैठक बसते, चहा येतो. पोलीस पाटील असतात, लेकराचे चुलते असतात, ज्याच्यावर बोट आहे त्याचे मामाही असतात. ज्याच्या जिंदगीचा सवाल, ते लेकरू तेवढं तिथं नसतं.

बदनामी टाळण्यासाठी गप्प बसावं, असं म्हणतात. 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू असलेल्या, बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पॉक्सो कायद्यात लेकराचं नाव, पत्ता, शाळा, फोटो छापायला बंदी आहे. जबाब लेकराच्या घरी घ्यायचा, शक्यतो महिला फौजदारानं, तोही गणवेश न घालता. बातमी गावभर करतात ते बैठकीला बसलेले वीस जण, आणि दोष मात्र ठाण्याच्या पायरीला! शिवाय मिटवलं म्हणजे काय केलं? तो माणूस त्याच गल्लीत राहिला आणि त्याला कळलं, की इथं चहावर भागतं.

कायदा याच बैठकीकडे बोट दाखवतो. कलम 19 प्रमाणे असा गुन्हा ज्याला माहीत आहे, त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. मग तो शेजारी असो, डॉक्टर असो की पाटील. न कळवणाऱ्याला कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते; हाताखालच्या माणसाचं कृत्य झाकणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाले. माहिती असून न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरचा गुन्हा उच्च न्यायालयानं रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2022 मध्ये तो निकाल फिरवला. तरीही "आपल्याला काय करायचंय" म्हणणारे भले लोक मला रोज भेटतात.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे खोट्या केसेस. पळून गेलेल्या सतरा वर्षांच्या पोरापोरींवर आईबाप हाच कायदा उगारतात, हे खरं आहे. तो वाद जरूर घालू. पण त्याच्या आडून सात वर्षांच्या लेकराचं तोंड दाबू नका. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. खरंखोटं ठरवणं तपासाचं आणि कोर्टाचं काम, चुलत्याचं नव्हे.

मग रागावलेले लोक येतात. चौकात फाशी द्या, गोळ्या घाला. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण आठवा. तक्रार नोंदवायला पालकांना ठाण्यात तासन् तास ताटकळावं लागलं. 20 ऑगस्टला लोक रुळांवर उतरले. 23 सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीनं मेला. पेढे वाटले गेले. शाळेतल्या जबाबदार मोठ्यांनी काय केलं, का कळवलं नाही, हा प्रश्न त्या आनंदात मागं पडला. माझ्या मते खरा खटला त्याच प्रश्नावर होता.

अलीकडे 'गुड टच, बॅड टच' शिकवलं, की शाळेला हात झटकता येतात. शिकवावं, वाईट नाही. पण दहा वर्षं आपण लेकराला "सरांचं ऐक, काकांच्या पाया पड, पाहुण्यांना पापा दे" शिकवतो आणि एका तासिकेत "नाही म्हण" सांगतो. ज्याला ते नाही म्हणायचं, तो बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. केंद्र सरकारच्या 2007 च्या पाहणीत 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलणं झालं. निम्म्याहून अधिकांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सांगितला, आणि त्यांत मुलींपेक्षा मुलगे किंचित जास्त होते. तरी आपल्याकडे काळजी फक्त पोरीची. पोरगा घरी येऊन गप्प झाला, तर "वयात आलाय" म्हणून विषय संपतो.

नांदेडजवळच्या एका शाळेत तक्रारपेटी पाहिली. मुख्याध्यापकांच्या खोलीत, बरोबर त्यांच्या खुर्चीमागं. चिठ्ठी टाकायची तर सरांच्या डोक्यावरून हात न्यावा लागतो. किल्ली मागितली. तीन ड्रॉवर उलथे केल्यावर शिपाई म्हणाला, "हरवलेली दिसती." पेटी खोलीबाहेर आणा, किल्ली पालकांतल्या एखाद्या आईकडे द्या, दर आठवड्याला दोघा जणांसमोर उघडा. याला ना निधी लागतो, ना मंत्रालयाचं पत्र. मुलांच्या मदतीचा 1098 हा क्रमांक पेटीवर ठळक लिहा.

लातूरच्या ट्यूशन एरियात जूनमध्ये बाप लेकराला सोडायला येतात. मेसचा दर विचारतात, पाणी किती वेळ येतं विचारतात, निकालाचे फ्लेक्स वाचतात. वॉर्डन रात्री कोणत्या खोलीत जातो, मुलाला एकट्याला केबिनमध्ये कोण बोलावतं, केबिनच्या दाराला काच आहे का, हे कुणी विचारत नाही. अकरावीचं पोर म्हणजे सोळा वर्षांचं. कायद्यानं ते बालकच.

परवा तिथल्या एका हॉस्टेलच्या जिन्यात मुखेडकडचा एक बाप दिसला. गादीची वळकटी खांद्यावर, पोरगा मागं. दारात वळकटी टाकून तो म्हणाला, "सर कितीबी मोठा असू दे. अंगचटीला आला, तर रात्री दोनला फोन लाव. तू काय केलतंस म्हणून मी इचारणार नाही." पोरगा लाजून म्हणाला, "हां बाबा, जावा आता." बाप गेला नाही. वॉर्डनची खोली कोणती, ते विचारायला खाली उतरला.