दुसरा आकडा

बॉडी बांधणाऱ्यांच्या शेडमध्ये आता नुसते मालाचे हौदे दिसत नाहीत. व्हॅनिटी व्हॅन, फिरता दवाखाना, रक्तसंकलनाची गाडी, आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून सरकारदरबारी मान मिळालेली कॅरॅव्हॅन, असे नाना प्रकार तिथे उभे असतात. चॅसी ट्रकचीच. मागे जोडीची चाके. मग टायरही ट्रकचेच चालतील, असा सरळ हिशेब मालक करतो, बॉडीवाला करतो, आणि खरे सांगायचे तर दुकानात बसलेले आपणही करतो.

हिशेब इथेच फसतो. ट्रक भरून जातो आणि बरेचदा अर्धा किंवा रिकामा परततो. त्याच्या टायरला तेवढी तरी उसंत मिळते. घर बांधलेली गाडी कधीच रिकामी नसते. पलंग, ओटा, एसी, जनरेटर, बॅटऱ्या आणि पाण्याची टाकी हे सगळे ओझे रात्रंदिवस त्याच सहा टायरांवर असते. वर ही गाडी आठवडेच्या आठवडे एका जागी उभी राहते. म्हणजे तिचा टायर धावून झिजत नाही, ओझ्याखाली उभा राहून म्हातारा होतो. निवड करताना ही गोष्ट विसरली, तर पुढची सगळी अक्कल वाया.

टायरच्या साइडवॉलवर मापाच्या शेजारी १४६/१४३ असा जोडआकडा असतो. पहिला आकडा चाक एकटे असेल तेव्हाचा, दुसरा जोडीत असेल तेव्हाचा. हे आपल्या धंद्यात कोणाला माहीत नाही? तरीही बिलावर आणि बोलण्यात पहिलाच आकडा चालतो, कारण तो मोठा असतो. १४६ म्हणजे ३००० किलो, १४३ म्हणजे २७२५ किलो. आता जुलै २०१८ ची अधिसूचना आठवा. चार टायरांच्या एकेरी एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली. ११.५ टन भागिले चार, म्हणजे टायरमागे २८७५ किलो. आपल्याकडे वर्षानुवर्षे खपणारा १०.०० आर २०, १६ पीआरचा रेडियल घ्या. १४६/१४३ वाले चार टायर जोडीत मिळून १०,९०० किलो उचलतात. जुन्या मर्यादेला ते पुरून उरत होते, नव्या मर्यादेला ६०० किलो कमी पडतात. पहिला आकडा धरून गुणाकार केला तर मात्र १२ टन येतात, आणि दुकानात सगळे खूश. कागदावर गाडी कायद्यात बसते, टायर बसत नाही. तिथे १८ पीआरचा १४९/१४६ किंवा २९५/८० आर २२.५ मधला १५२/१४८ लागतो, आणि तो वाढीव दर गिऱ्हाइकाला समजावून सांगणे हे आपले काम आहे.

जोडीत टायर कमी का उचलतो, हे गिऱ्हाईक विचारतेच. उत्तर सोपे आहे. ओझे चारही टायरांवर सारखे वाटले जात नाही. रस्ता मधून फुगीर असतो, त्यामुळे आतल्या टायरवर जास्त भार येतो. दोघांच्या हवेत पाच पौंडांचा फरक असला तरी जास्त हवेचा टायर दुसऱ्याच्या वाटणीचे उचलू लागतो. शिवाय दोन साइडवॉलच्या मधल्या चिंचोळ्या जागेत वारा खेळत नाही. ब्रेक ड्रमची धग एका बाजूला, शेजाऱ्याची धग दुसऱ्या बाजूला. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूर रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या आतल्या टायरला मागून हात लावून पाहा, मग तक्ता समजावून सांगावा लागत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या रूपात आहे. तिथे मागे चार चाके असलेल्या पिकअपच्या हौद्यात अख्खी खोली ठेवून लोक महिनोन्‌महिने हिंडतात. मोठी खोली पाणी-सामानासकट दोन टनांच्या आसपास जाते. फोर्ड एफ-३५० च्या जोडचाकी पिकअपवर येणारा एलटी २४५/७५ आर १७ हा टायर १२१/११८ चा, म्हणजे एकेरीत १४५० आणि जोडीत १३२० किलोचा, तोही ८० पौंड हवेवर. चार टायरांचा खरा हिशेब ५२८० किलो. चुकीचा आकडा धरला तर ५८००. तिथले जाणते मालक टायर घेण्याआधी गाडी पूर्ण भरून ट्रकथांब्यावरच्या काट्यावर नेतात आणि पुढच्या-मागच्या एक्सलचे वजन वेगवेगळे छापलेली पावती घेऊन येतात. काही जण १७ इंची टायर सोडून १९.५ इंची व्यापारी टायरांकडे वळतात. एफ-४५० वर ते कंपनीकडूनच येतात. त्या टायरांची ताकद नक्कीच जास्त असते. पण रिम बदलावी लागते, ती रिम तेवढी हवा आणि भार सोसणारी असावी लागते, आणि गाडी कडक चालते. शिवाय मोठा टायर लावल्याने गाडीचे मंजूर वजन एक किलोनेही वाढत नाही. आपल्याकडे दणकट टायर मागणाऱ्या प्रत्येक मालकाला हे शेवटचे वाक्य ऐकवावे.

त्यांची पावतीची सवय मात्र आपण उचलायला हवी. आपल्याकडे प्रत्येक मार्केट यार्डाबाहेर, प्रत्येक साखर कारखान्यावर वजनकाटा आहे. टाकी भरलेली, डिझेल भरलेले, माणसे बसलेली अशी गाडी आधी फक्त पुढच्या चाकांपुरती काट्यावर घ्या, मग पूर्ण, मग फक्त मागची चाके. काटा जमिनीला समतल असेल तर डावी-उजवी बाजूही पाहा. बॉडीवाल्याने फ्रिज, बॅटऱ्या आणि टाकी एकाच अंगाला बसवली असेल, तर एक्सलचे एकूण वजन मर्यादेत दिसेल, पण त्या बाजूची जोडी मर्यादेबाहेर असेल. तीनशे लिटरची टाकी म्हणजे तीनशे किलो, आणि ती कुठे बसवायची हे टायरवाल्याला विचारून कोणी ठरवत नाही. खरे तर विचारायला हवे. टायर निवडायचा तो जड बाजूच्या वजनावर, आणि हवा ठरवायची ती टायर कंपनीच्या भार-हवा तक्त्यावर; दोन्ही बाजूंना सारखी, जड बाजूला पुरेल एवढी. साइडवॉलवरचा हवेचा आकडा कमाल भारासाठीचा असतो, तो डोळे मिटून भरायचा नसतो. कमी हवा त्याहून वाईट. ठरलेल्या हवेच्या वीस टक्के खाली चाललेला टायर हवा नसताना चालला असेच धरून रिमवरून काढायचा आणि आतून तपासायचा, हा व्यापारी टायरांचा जुना नियम आहे.

आतल्या टायरच्या हवेची बात निघाली म्हणून सांगतो. सहा टायरांच्या गाडीवर चार टायरांचीच हवा तपासली जाते, कारण आतल्या निपलपर्यंत हात पोहोचत नाही. ड्रायव्हर लोखंडी पान्याने टायर ठोकून आवाज ऐकतो आणि समाधान मानतो. ठोकून फक्त पूर्ण बसलेला टायर कळतो. २० पौंड कमी असलेला नाही. जोडी बसवताना दोन निपल समोरासमोर, अर्ध्या वर्तुळाच्या अंतरावर आणा आणि आतल्याला धातूची, रिमला घट्ट आवळलेली लांब नळी लावा. लोंबणारी रबरी नळी नको, ती स्वतःच गळते. एवढे काम फुकट करून दिले तरी परवडेल.

जोडी जुळवताना रेडियल आणि नायलॉन एकत्र घालू नयेत, हे लिहायची गरज नसावी. झिजलेला आणि नवा मात्र सर्रास एकत्र घातला जातो. हलक्या व्यापारी मापांत दोघांच्या व्यासात पाव इंचाहून जास्त फरक नको. थोडा लहान असेल तो आत. आणि रुंद टायरचा हट्ट धरणाऱ्याला जोडीतली फट दाखवा. भार आला की साइडवॉल फुगतात. तिथे त्या एकमेकींना घासल्या, तर बाकी सगळी निवड बरोबर असून उपयोग नाही. खाचांच्या बाबतीत फार खल नको: डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या घरगाडीला मागेही साध्या सरळ खाचांचा टायर पुरतो. खोल गोट्यांचा टायर खाणीच्या डंपरला शोभतो. इथे तो नुसता तापतो आणि आवाज करतो.

राहिले वय. आपल्या मोटार वाहन नियमांत चारचाकीला खाचेची खोली १.६ मिमी लागते. घरगाडीचा टायर दहा वर्षांनीही या परीक्षेत उत्तीर्ण होईल, आणि तरीही तो टाकाऊ असेल. रबराला ओझोनपासून वाचवणारे मेण टायर फिरला, दबला, की पृष्ठभागावर येते. उभ्या टायरमध्ये ते येत नाही आणि साइडवॉलला केसासारख्या चिरा पडतात. सप्टेंबर २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये हाइंडहेडजवळ एका प्रवासी बसचा पुढचा टायर फुटला, तिघे दगावले. तो टायर १९ वर्षांहून जुना होता, खाचा मात्र भरपूर शिल्लक. १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनने ट्रक आणि बसच्या पुढच्या एक्सलवर दहा वर्षांपेक्षा जुन्या टायरांना बंदी घातली. आपल्याकडे तशी बंदी नसली, तरी साइडवॉलवरचे शेवटचे चार अंक, आठवडा आणि वर्ष, वाचायला कायदा लागत नाही. माझे मत विचाराल तर घरगाडीला सात वर्षे पुरेत. त्यानंतर स्टेपनीसकट सगळे बदला. याच कारणासाठी अशा गाडीला रिमोल्ड नको. मालट्रकला रिमोल्ड हा उत्तम व्यवहार आहे, कारण तिथे सांगाडा तरुण असतानाच खाच संपते. इथे उलटे घडते.

वाचक दुकानदारांना आणि बॉडी बांधणाऱ्यांना एक विनंती. येत्या हंगामात तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक जोडचाकी घरगाडीची, व्हॅनिटीची, फिरत्या दवाखान्याची भरलेल्या अवस्थेतली वजनपावती मागा, आणि ती पाहिल्याशिवाय टायरचा दर सांगू नका. पावतीची प्रत, गाडीचा नंबर झाकून, आमच्याकडे पाठवा; सोबत बसवलेल्या टायरचा जोडआकडा लिहा. पुरेशा पावत्या जमल्या की त्या आम्ही याच पानावर छापू.