नावे अनेक, अर्थ एक

सोलापुरात मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच गल्लीत नांदतात. मधुमेहाला मराठीत 'साखर', कन्नडमध्ये 'सक्करे कायिले' आणि तेलुगूत 'चक्केर व्याधी' म्हणतात. मराठी कानाला 'चक्केर' सहज 'चक्कर' वाटू शकते. तसे केसपेपरवर उतरले, तर आजारच बदलला. डॉक्टरांच्या हातचे 'डीएम' हे आणखी एक नाव. ही सारी नावे एकाच अर्थाला बांधण्यासाठी नियंत्रित वैद्यकीय शब्दसंग्रह असतो.

अशा संग्रहांपैकी स्नोमेड सीटी हा सर्वांत विस्तृत. भारत २०१४ मध्ये तो चालवणाऱ्या संस्थेचा सदस्य झाला. त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. स्नोमेडचा पाया शब्द नसून संकल्पना हा आहे. प्रत्येक संकल्पनेला एक क्रमांक असतो. टाइप-२ मधुमेहाचा ४४०५४००६. हा क्रमांक मुद्दाम निरर्थक ठेवलेला असतो, म्हणजे वैद्यकीय ज्ञान बदलले तरी तो बदलावा लागत नाही. संकल्पना बाद झाली तरी तिचा क्रमांक दुसऱ्या कशाला मिळत नाही. त्यामुळे जुने केसपेपर वाचता येतात. क्रमांकाला एक निःसंदिग्ध पूर्ण नाव आणि हवे तितके समानार्थी शब्द जोडता येतात.

संकल्पना एकमेकींशी 'हा त्याचा प्रकार' अशा नात्याने बांधलेल्या असतात आणि एकीला अनेक पालक असू शकतात. फुफ्फुसाचा क्षय हा फुफ्फुसाचा आजार आहे आणि जिवाणूजन्य संसर्गही. दोन्ही बाजूंनी शोधले तरी तो सापडतो.

आयसीडी हे आजारांचे वर्गीकरण वेगळ्या कामाचे. त्याचे मूळ संख्याशास्त्रज्ञ बर्तियों यांच्या १८९३ च्या मृत्यूकारणांच्या यादीत आहे. मोजणीत कोणी दोनदा येऊ नये म्हणून तिथे प्रत्येक निदानाला एकच कप्पा असतो. दहाव्या आवृत्तीत टाइप-२ मधुमेहाचा कप्पा 'ई ११'. कुठेच न बसणाऱ्यांसाठी 'इतर' हा कप्पा. उपचाराची बारीक नोंद स्नोमेडमध्ये आणि आकडेवारी आयसीडीत, अशी ही वाटणी आहे. दोहोंना जोडणारे तक्तेही आहेत.

स्नोमेडच्या रचनेत 'साखर', 'सक्करे' आणि 'चक्केर' यांना समानार्थी शब्द म्हणून जागा आहे. मात्र 'साखर वाढली' म्हणजे आजार की तपासणीतला आकडा, हे माणसालाच ठरवावे लागते. सोलापूरच्या परिचारिका आणि आशाताई हे शब्द रोज ऐकतात. त्यांच्याकडून ते गोळा करून, डॉक्टरांकडून पारखून या संग्रहात घातले पाहिजेत. रुग्णाने आपल्या भाषेत सांगितलेले दुखणे नोंदीत हरवता कामा नये.