भेग घरात, पाहणी रस्त्यावरून

२७ सप्टेंबर २०१३ च्या पहाटे माझगाव येथील बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली आणि ६१ माणसे दगावली. ही इमारत कुणा पागडी घेणाऱ्या मालकाची नव्हती. ती मुंबई महानगरपालिकेची होती आणि तीत राहत होते ते पालिकेच्याच बाजार खात्याचे कर्मचारी. १९३० साली परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे होऊन प्राण देणाऱ्या गिरणी कामगाराचे नाव तिला दिलेले असावे, हे मन विषण्ण करणारे आहे. तळमजल्यावरील गोदामात फेरफार केल्याचा आरोप दुर्घटनेनंतर पुढे आला. मालक आणि मालकाचे अभियंते एकाच कचेरीत बसत असताना त्या गोदामाचे दार उघडून वेळोवेळी आत पाहण्याची जबाबदारी कोणाची होती?

इमारत एका रात्रीत पडत नाही. वरच्या मजल्याच्या मोरीतून पाणी झिरपते, स्लॅबमधील सळईपर्यंत पोचते, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. छताला आधी तांबूस डाग, मग पोपडे, मग ठोकले असता पोकळ आवाज. लाकडी चाळीत तुळईचे भिंतीत गाडलेले टोक प्रथम कुजते. जवळचे दार एकाएकी चौकटीत अडकू लागते. ही सारी लक्षणे माळ्याखाली आणि कपाटामागे असतात. रस्त्यावर उभे राहून मान वर करणाऱ्या पाहणीला ती दिसणार कशी? म्हाडाचे दुरुस्ती मंडळ पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. कागदाला तोटा नाही. परंतु यादीत नाव येईपर्यंत साध्या डागडुजीची वेळ निघून गेलेली असते.

मात्र सारा दोष अधिकाऱ्यांच्या माथी मारून आपली सुटका नाही. भाडेकरू स्वतःच भेग लपवतो, हे चाळींतून काम करणारे आपण जाणतो. तिच्यावर रंग चढतो, कॅलेंडर टांगले जाते. यात अज्ञान नाही, हिशेब आहे. इमारत ‘सी-१’ ठरली की घर रिकामे करावे लागते, आणि संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबे तेथेच म्हातारी झालेली त्याने पाहिली आहेत. छत कोसळण्याची भीती कधीतरीची; घर जाण्याची भीती रोजची. म्हणून परतीच्या लेखी हक्कावाचून अंतर्गत पाहणीची मागणी करणे म्हणजे मालकाच्या आणि बिल्डरच्या हाती आयते हत्यार देणे होय. या दोन मागण्या एकाच निवेदनात असल्या पाहिजेत.

तोवर शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. भाडेकरू समितीने वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पाऊस ओसरल्यावर, खोलीगणिक फेरी काढावी. फेरीत स्त्रिया असाव्यातच. कोणती भिंत गेल्या वर्षी कोरडी होती हे त्यांना नेमके ठाऊक असते. भेगेवर काचेची पट्टी सिमेंटने बसवून तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भेग वाढते आहे असे समजून तत्काळ अभियंत्यास बोलवावे. तळमजल्याची दुकाने आणि कुलूपबंद खोल्या मुळीच वगळू नयेत. आणि नोंदवहीची प्रत मंडळाच्या कचेरीत दिल्यावर तारखेनिशी पोच घेतल्याखेरीज कोणी तेथून हलू नये.